आम्ही मुंबईचे कसे झालो?

परवा रविवारी संध्याकाळी भाचीचा डब्लिनहून फोन आला. म्हणजे तो तोंड दिसणारा फोन. भाचेजावई तिकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. त्यांचा धाकटा आठ वर्षांचा. तो समोर आला तोच लालभडक टी-शर्ट घालून. मी विचारले, "काय रे, हा कुठल्या शाळेचा गणवेश?" तो हसला. "आजोबा, शाळेचा नाही, लिव्हरपूलचा!"

मास्तरकीची खोड जाता जात नाही. मी म्हटले, "अरे, लिव्हरपूल इंग्लंडात. तुम्ही राहता आयर्लंडात. तुमच्या डब्लिनला संघ नाही का?" त्यावर मागून भाची म्हणाली, "आहेत की मामा. बोहेमियन्स आहे, शॅमरॉक रोव्हर्स आहे. एकाचं मैदान तर घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. पण याच्या वर्गातली सगळी पोरं लिव्हरपूल नाही तर मँचेस्टर युनायटेडची. मोठी माणसंसुद्धा सकाळच्या विमानानं तिकडे जातात आणि मॅच बघून परत येतात."

मला मोठी गंमत वाटली. टिळकांची होमरूल चळवळ शिकवताना 'हा शब्द मुळात आयर्लंडचा' असे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून सांगितले. इंग्रजांच्या राज्यातून सुटण्यासाठी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घालवल्या, त्यांचीच नातवंडे आता इंग्रजांच्या गावच्या संघासाठी घसा फोडतात! मी भाचीला तसे म्हटले आणि दोघेही पोटभर हसलो.

फोन ठेवला, चहा घेतला आणि मग एकदम लक्षात आले, की हसायचा अधिकार निदान मला तरी नाही. मी चंद्रपूरचा. जन्म इथला, तेव्हा गावाला चांदा म्हणत. नोकरी याच जिल्ह्यात झाली, निवृत्तही इथेच झालो. आणि वयाची पासष्टी उलटेपर्यंत क्रिकेटमध्ये मी मुंबईचा होतो. विदर्भाचाही एक संघ आहे हे मला माहीत होते. कॅलेंडरवर एकादशी असते हे उपास न करणाऱ्याला माहीत असते, तसे.

तर मंडळी, आम्ही चांद्याचे लोक मुंबईचे कसे झालो, त्याची ही हकिगत. थोडा इतिहास आहे, थोडे माझे स्वतःचे आहे. शेवटी एक कबुली आहे. ती बरीच वर्षे लिहायची राहून गेली होती.

सुरुवात माझ्या मामापासून करतो. मामा पोस्टात होता आणि दादरला चाळीत राहायचा. मे महिन्यात आई आम्हाला घेऊन माहेरच्या या एकुलत्या एका पुरुषाकडे जायची. चांद्याहून गाडीत बसायचे, वर्ध्याला गाडी बदलायची, की दुसऱ्या दिवशी दादर. मामा मला शिवाजी पार्कवर न्यायचा. तिथे एकाच वेळी दहा-बारा सामने चाललेले. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा. कुणाचा चेंडू कोण अडवतो आहे, काही कळायचे नाही. पण त्यांना कळायचे! मामा सांगायचा, पावसाळ्यात इथे कांगा लीग चालते, गुडघ्याएवढ्या गवतात आणि चिखलात. तिथे जो टिकला तो कुठेही टिकतो. मामाकडे रेडिओ होता. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन मी तिथे पहिल्यांदा ऐकले. क्रिकेट मराठीत बोलता येते, हा माझ्यासाठी शोधच होता.

आणि मुंबईचा तो काळ कसला होता! १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत रणजी करंडक मुंबईने सलग पंधरा वेळा जिंकला. पंधरा! मी तिसरीत असताना मुंबई जिंकत होती, मॅट्रिक झालो तेव्हा जिंकत होती, बी. ए. झालो तेव्हा जिंकत होती, पहिल्या पगाराच्या दिवशीही तीच जिंकलेली होती. वाचनालयात मुंबईचे वर्तमानपत्र शिळे होऊन यायचे. तोवर निकाल कळलेला असायचा, तरी आम्ही धावफलक पाठ करायचो. नाडकर्णी, सरदेसाई, वाडेकर, सोलकर ही आम्हाला आमच्या आळीतली आडनावे वाटत. मग १९७१ साल आले. वाडेकर कर्णधार, वेस्ट इंडीजमध्ये सरदेसाईंच्या ६४२ धावा आणि नवख्या गावसकरच्या चार कसोटींत ७७४. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडलाही हरवले. जाटपुरा गेटपाशी आम्ही पोरांनी पेढे वाटले. भारत जिंकला म्हणून वाटले हे खरेच, पण मनात 'आपली मुंबई जिंकली' हेही होते.

आता कुणी विचारेल, की विदर्भाचा संघ तेव्हा नव्हता का? होता. १९५७-५८ पासून विदर्भ रणजी करंडकात खेळतो आहे. इथे इतिहासाची एक मौज सांगण्यासारखी आहे. आधी आम्ही सी. पी. अँड बेरारमध्ये होतो, राजधानी नागपूर. १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राज्य एक झाले, पण क्रिकेटची घरे तीनच राहिली. मुंबईचे वेगळे, पुण्याच्या महाराष्ट्राचे वेगळे आणि नागपूरच्या विदर्भाचे वेगळे. वेगळ्या विदर्भासाठी मोर्चे निघाले, बंद झाले, भाषणे झाली. ज्या एका ठिकाणी विदर्भ पहिल्यापासून वेगळा होता, तिकडे मात्र आमच्यापैकी कुणाचे लक्ष नव्हते!

याचे एक कारण अगदी साधे होते. रणजीचे सामने तेव्हा विभागवार होत. मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, सौराष्ट्र, बडोदा हे पश्चिम विभागात. विदर्भ मध्य विभागात, म्हणजे उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश आणि रेल्वे यांच्याबरोबर. मुंबईशी गाठ पडायची तर आधी आपल्या विभागातून वर यावे लागे, आणि तिथे राजस्थान होता. त्या राजस्थानलाही मुंबईने अंतिम सामन्यात पुनःपुन्हा हरवले. म्हणजे मुंबई आणि विदर्भ समोरासमोर यायचा प्रसंगच येईना. मग मुंबईचा जयजयकार करताना विदर्भाशी काही बेइमानी होते आहे, असे वाटणार तरी कसे? दोन घरांत भांडणच नसेल तर कुणाच्या बाजूचे हा प्रश्न उठत नाही. ही निष्ठा आम्हाला फुकटात पडली होती.

आणि गंमत अशी, की भारतीय क्रिकेटचे पहिले मोठे नाव आमच्याच नागपूरचे. कर्नल सी. के. नायडू नागपूरला जन्मले, ३१ ऑक्टोबर १८९५ ला. भारताचे पहिले कसोटी कर्णधार, १९३२, लॉर्ड्‌स. पण ते देशाला कळले कुठे? तर मुंबईत. १९२६ साली बॉम्बे जिमखान्यावर एम. सी. सी.विरुद्ध त्यांनी १५३ धावा केल्या, त्यात अकरा षटकार होते. आणि पुढचे आयुष्य गेले कुठे? तर इंदूरला, होळकरांच्या पदरी. त्या होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला. जन्म नागपूरचा, टाळ्या मुंबईच्या, करंडक इंदूरचा. आमच्याकडचे गुणी माणूस बाहेर गेल्याशिवाय मोठे होत नाही हा समज त्या काळापासून पक्का झाला असावा.

१९६९ च्या ऑक्टोबरात नागपूरला पहिली कसोटी झाली, न्यूझीलंडविरुद्ध. मी कॉलेजात होतो. मित्रांबरोबर गेलो, एकाच्या आत्याकडे गच्चीवर झोपलो. पतौडींचा संघ १६७ धावांनी हरला. न्यूझीलंडने भारतात जिंकलेली ती पहिली कसोटी. पण मला आज आठवते ते वेगळेच. मैदान विदर्भाचे, माणसे विदर्भाची, आणि खेळणाऱ्यांत विदर्भाचा एकही नाही. हे आमच्यापैकी एकालाही खटकले नाही. परतीच्या गाडीत आम्ही तासन्‌तास भांडलो ते मुंबईचा कोण संघात असायला हवा होता आणि कोण नको होता, यावर!

पुढे १९७३ मध्ये मला आरमोरीच्या बाजूला नोकरी लागली. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, तेव्हा सारा चंद्रपूरच होता. मार्च १९७४ मध्ये बंगलोरला उपान्त्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईला हरवले आणि पंधरा वर्षांची माळ तुटली. वाडेकर धाव घेताना घसरले आणि धावबाद झाले. मला बातमी कळली दोन दिवसांनी, पेपर आला तेव्हा. जेवण गेले नाही. आमच्याबरोबर वडशाकडचे एक वयस्कर गुरुजी होते. ते म्हणाले, "काहून बाप्पा, घरी कोनी गेलं का?" मी म्हटले, मुंबई हरली. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तू कई रायला मुंबईले?"

याच गुरुजींनी मला झाडीपट्टीची नाटके दाखवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या पूर्वेकडच्या भागात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटके होतात. वडसा हे त्यांचे ठाणे. शेतात धान निघालेले असते, गावात शंकरपट असतो, आणि रात्री दहानंतर सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. अंगावर घोंगडी घेऊन माणसे तिकीट काढून बसतात. नट कुणी शेतकरी, कुणी शिक्षक, कुणी शिंपी. मुंबई-पुण्याहून एखादी नटी आणली तर जाहिरातीत तिचे नाव मोठे असते हे खरे, पण माणसे येतात ती आपल्या कंपनीसाठी, आपल्या खलनायकाला शिव्या घालण्यासाठी.

म्हणजे बघा, आम्ही तीच माणसे. नाटकात झाडीचे आणि क्रिकेटमध्ये मुंबईचे! तेव्हा मी यावर विचार केला नाही. आता करतो तेव्हा वाटते, नाटक आमच्या शेतात येत होते. नट दुसऱ्या दिवशी बाजारात भेटत होता. विदर्भाचा संघ मात्र नागपूरला खेळायचा आणि तो जिंकला की हरला हे सांगायला आमच्यापर्यंत कुणी येत नव्हते. मुंबई शेकडो कोसांवर असूनही वर्तमानपत्रातून, रेडिओतून, मामाच्या पत्रातून रोज दारात येत होती. माणूस शेवटी जो दारात येतो त्याचा होतो. अंतर काही मैलांवर मोजायचे नसते.

डब्लिनचेही तसेच असावे. १८४५ नंतरच्या त्या भयंकर दुष्काळात आयर्लंडमधली माणसे समुद्र ओलांडून लिव्हरपूलला उतरली आणि कितीतरी तिथेच राहिली. म्हणजे प्रत्येकाचा एक मामा तिकडे होताच! १९५७ साली मँचेस्टर युनायटेडचा संघ डब्लिनला येऊन शॅमरॉक रोव्हर्सशी खेळला आणि ६-० ने जिंकला. त्यातले दोन गोल लियम व्हेलन या डब्लिनच्याच पोराचे. पुढच्या फेब्रुवारीत म्युनिकच्या विमान अपघातात तो गेला. ज्या संघासाठी आपल्या गावचा पोरगा खेळला आणि मेला, त्याला परका कोण म्हणेल? पुढे इंग्लंडचे टी. व्ही. कार्यक्रमही तिकडच्या किनाऱ्यावर दिसू लागले. भाचीच्या मुलाला हसलो ते चुकलेच माझे.

असो. १९८७ च्या विश्वचषकाचा एक सामना नागपूरला होता. आम्ही सहा शिक्षक एस. टी.ने गेलो. तारीख ३१ ऑक्टोबर. पुन्हा न्यूझीलंड. चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली, विश्वचषकातली पहिली. आणि मग अंगात ताप असलेल्या गावसकरने नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय क्रिकेटमधले त्याचे एकमेव शतक. माझ्या डोळ्यांना पाणी आले हे खोटे कशाला सांगू? तो दिवस कर्नल नायडूंचा वाढदिवस होता हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. नागपूरच्या माणसाचा वाढदिवस, नागपूरचे मैदान, आणि आम्ही रडलो ते मुंबईच्या माणसासाठी.

आता ती कबुली.

१९९१-९२ च्या सुमारास मी चंद्रपूरजवळ, कोळशाच्या खाणीलगतच्या एका शाळेत होतो. दहावीत एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. वडील वेकोलित, भूमिगत खाणीत. अंगाने काटकुळा, पण चेंडू असा टाकायचा, की समोरच्या मुलाची बॅट अजून वर असायची आणि मागची वीट पडलेली असायची. आमच्याकडे स्टंप नव्हते, विटाच होत्या. कॉर्कच्या चेंडूने तर कुणी त्याच्यासमोर उभे राहायला तयार नसे. मी इतिहास-मराठीचा शिक्षक, पण क्रिकेटवेडा म्हणून खेळाचा तास बरेचदा माझ्याकडे असे. मला कळत होते, हे वेगळे पाणी आहे.

नागपूरला मुलांची निवड चाचणी होती. कुणीतरी त्याला सांगितले. एक दिवस रात्रपाळी करून त्याचे वडील थेट शाळेत आले. डोळ्यांच्या कडांना कोळसा तसाच. म्हणाले, "सर, पोराले नागपूरले पाठवू का? तुमी म्हनाल तसं."

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, "मुंबईला असता तर मीच घेऊन गेलो असतो. पण विदर्भाकडून खेळून कोण मोठं झालं आजवर? दहावीचं वर्ष आहे. उगाच चार दिवस कशाला घालवता?"

ते "बरं सर" म्हणाले आणि गेले. मुलगा व्हरांड्यात उभा होता. त्याने ऐकले होते. पुढचे काही दिवस तो खेळाच्या तासाला आला नाही, मग आला, आणि दहावी झाला. आय. टी. आय. केले, वडिलांसारखाच वेकोलित लागला.

मी काही वाईट हेतूने बोललो नव्हतो. दहावीच्या मुलाला कुठलाही शिक्षक तेच सांगेल, असे मी बराच काळ स्वतःला समजावले. पण ते खरे नाही. परीक्षा हे निमित्त होते. मी त्याला थांबवले, कारण विदर्भ हा शब्द माझ्या लेखी क्रिकेटमध्ये मोजायचाच नव्हता. मामाच्या गावावर माझे प्रेम होते त्याची किंमत दुसऱ्याच्या पोराने भरली.

१९९५ साली विदर्भाचा प्रशांत वैद्य भारताकडून एकदिवसीय सामने खेळला, तेव्हा पहिल्यांदा टोचले. पण खरा काटा रुतला तो नोव्हेंबर २०११ मध्ये. तोवर मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो. उमेश यादव दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळला. विदर्भाचा पहिला कसोटीपटू. वेगवान गोलंदाज. वडील कोळशाच्या खाणीत कामगार, नागपूरजवळच्या वलनीचे. पेपरातली ती बातमी मी दोनदा वाचली आणि घडी करून ठेवून दिली. बायकोने विचारले, काय झाले? मी म्हटले, काही नाही, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं.

मग आला २०१७-१८ चा हंगाम. विदर्भ रणजीत उतरल्याला बरोबर साठ वर्षे झाली होती. जुने विभाग केव्हाच मोडले होते. कर्णधार फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, आणि फलंदाजीला वसीम जाफर. दोघेही मूळ मुंबईचे बरे का! म्हणजे आम्ही जन्मभर मुंबईकडे पाहत होतो, तेव्हा मुंबईच आमच्याकडे येऊन शिकवू लागली होती. कोलकात्याला उपान्त्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवले. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात बारा गडी बाद केले. अंतिम सामना दिल्लीशी, इंदूरला, होळकर स्टेडियमवर. गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचे शतक, आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. नायडू ज्या इंदूरला गेले, तिथूनच करंडक नागपूरला आला.

त्या संध्याकाळी दारात एक मोटारसायकल थांबली. हेल्मेट काढले तेव्हा ओळखले. केस पांढरे व्हायला लागलेले, पोट सुटलेले. हातात पेढ्यांचा पुडा. "सर, आपली टीम जिंकली."

आपली टीम. मी पेढा हातात घेतला आणि म्हणालो, "बाळा, त्या वेळी मी चुकलो रे." त्याला क्षणभर काही कळले नाही. मग समजले तेव्हा हसला. म्हणाला, "जाऊ द्या ना सर. तुमी तवा बरोबरच बोलले होते. तवा कोठी होतं काही?"

रागावला असता तर बरे झाले असते.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्याला सौराष्ट्राला हरवून विदर्भाने पुन्हा करंडक जिंकला. आदित्य सरवटेने अकरा गडी बाद केले, त्यात पुजारा दोन्ही डावांत. जामठ्याचे मैदान २००८ साली झाले, आणि ते आम्हा चंद्रपूरकरांच्या वाटेवरच आहे. बुटीबोरी सोडली की नागपूर यायच्या आधी ते लागते. इतकी वर्षे त्याच्यासमोरून किती वेळा गेलो असेन, आत मात्र कधी वळलो नव्हतो.

पण खरी परीक्षा मार्च २०२४ मध्ये झाली. अंतिम सामना, वानखेडेवर, मुंबई विरुद्ध विदर्भ! जे सहा दशके टळत आले होते ते समोर येऊन उभे राहिले. दादरहून मामेभावाचा फोन आला, "काय रे, कुणाकडून?" मी म्हटले, बघू या. खरेच ठरत नव्हते. पहिल्या डावात विदर्भ १०५ वर बाद झाला तेव्हा, लाज वाटते सांगायला, पण जुनी सवय आत कुठेतरी म्हणाली, मुंबई ती मुंबईच. पुढे मुंबईने ५३८ धावांचे लक्ष्य दिले. शेवटच्या दिवशी सकाळी वाडकर आणि हर्ष दुबे उभे होते. पाच गडी बाद झालेले, अजून २९० धावा हव्या होत्या. उपाहारापर्यंत एकही गडी पडला नाही. मी खुर्चीवरून हललो नाही. हललो तर विकेट जाईल ही ती आपली जुनी भीती. वाडकरचे शतक झाले आणि मी टाळ्या वाजवल्या. घरात एकटाच होतो. तेव्हा मला कळले, मी कुणाकडून आहे ते.

त्यानंतर वाडकर १०२ वर गेला, दुबे ६५ वर गेला आणि डाव ३६८ वर संपला. १६९ धावांनी हरलो. मुंबईचा बेचाळिसावा करंडक. शेवटचा बळी उमेश यादवचा, धवल कुलकर्णीने काढलेला, आणि धवलचा तो शेवटचा सामना. खाणकामगाराच्या पोराचा त्रिफळा उडालेला आणि मुंबईचे खेळाडू नाचताहेत, हे चित्र पाहताना मला पहिल्यांदा हरल्यासारखे वाटले. मुंबई हरली की जे १९७४ ला आरमोरीत वाटले होते तसे नाही. ते दुःख उसने होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये उपान्त्य सामना पुन्हा मुंबईशीच, जामठ्याला. या वेळी मोटारसायकलवाल्या माझ्या विद्यार्थ्याने ऐकले नाही. रजा टाकली, कुणाची तरी कार आणली आणि मला घेऊन गेला. आमच्या शेजारी कॉलेजची दोन पोरे बसली होती. सूर्यकुमार मैदानात आला तसे त्याच्या नावाने ओरडू लागली. अंगात मुंबई इंडियन्सचे निळे शर्ट. मला त्यांच्यात मी दिसलो. नागपूरचा आयपीएलमध्ये संघ नाही, मग ती तरी काय करणार? तेवढ्यात पार्थ रेखडे नावाच्या पोराने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे असे तिघे बाद केले. पोरे एक मिनिट गप्प. मग त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "अबे, हा आपला आहे ना?" आणि दोघेही रेखडेच्या नावाने ओरडू लागले. माझी सहा दशके त्यांनी एका मिनिटात ओलांडली.

विदर्भ तो सामना ८० धावांनी जिंकला आणि पुढे केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा करंडकही. त्या अंतिम सामन्यात केरळकडून कोण खेळत होता? आपला आदित्य सरवटे! आणि चांगले ७९ धावा करून गेला. खेळाडू असे गाव बदलतात. प्रेक्षकाला ते जमायला आयुष्य लागते.

परतताना गाडीत मी विद्यार्थ्याला विचारले, तू तरी लहानपणी कुणाचा होतास? तो म्हणाला, "सर, तुमी मुंबईचे होते म्हनून मी बी मुंबईचाच होतो." मी खिडकीबाहेर बघत बसलो. वरोरा येईपर्यंत दोघेही काही बोललो नाही.

दूरचा संघ आवडणे हा काही गुन्हा नाही. गावसकरच्या त्या तापातल्या शतकावर माझे आजही प्रेम आहे आणि मामाच्या रेडिओवरही. भाचीच्या मुलाने लिव्हरपूलचा शर्ट खुशाल घालावा. चुकते ते पुढे. दूरच्या उजेडाने डोळे दिपले, की अंगणातले दिसेनासे होते आणि 'यातून काय होणार' हे वाक्य तोंडात तयार असते. मास्तराच्या तोंडून ते निघाले तर कुणाचा तरी चेंडू कायमचा हातात राहतो.

माझा विद्यार्थी आता दर रविवारी सकाळी वसाहतीच्या मैदानावर पोरांना गोलंदाजी शिकवतो. फी नाही, काही नाही. परवा मला खुर्ची टाकून बसवले होते. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी फार सुरेख चेंडू टाकत होती. तिची आई मैदानाच्या कडेला उभी होती. माझ्याजवळ आली आणि विचारले, "सर, नागपूरले चाचनी आहे म्हनते. पाठवू का?"

मी म्हटले, "पाठवा. आणि जायला कुणी नसेल तर मी येतो सोबत."

पुढच्या महिन्यात जायचे आहे. गुडघे साथ देतील असे वाटते.

डब्लिनच्या नातवाला मी काल निरोप धाडला आहे, की एखाद्या शुक्रवारी आईबरोबर त्या जवळच्या मैदानावर जाऊन ये आणि कोण जिंकले ते मला कळव. लाल शर्ट घालून गेलास तरी चालेल.